प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी

हॅलो?… कोण?… हं, सविता. वाटलंच. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन ना! त्याशिवाय थोरल्या जावेची आठवण कशाला होईल!

…बरी आहे मी. माझ्या गुडघ्यांची चौकशी नको.

…बूथवरून? घरी फोन असून? म्हणजे दिनेशला पत्ता नाही. वा! नवऱ्याच्या चोरून नम्रता!

…हो, हो… अगं ऐक ना आधी! दर महिन्याला तेच. "ताई, माझं चुकलं, ताई, माझं चुकलं." पाठ केलंयस अगदी.

…का नाही चिडणार? इतकी वर्षं सासूबाईंना भरवलं कोणी? अंथरूण कोणी बदललं? चार दिवस बहिणीकडे लासलगावला गेले, तर तेवढ्यात त्या गेल्या. एसटी कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकली, आणि तुम्हाला तासभर धीर धरवला नाही. पेटीला खिळे ठोकून मोकळे! मी काय बघितलं? लाकूड!

…बघ, परत "माझं चुकलं"! खिळे ठोकायला दिनेशनं सांगितलं, हे सगळ्या शरणपूरला ठाऊक आहे. तू कशाला अंगावर घेतेस? एकदा तरी भांड ना माझ्याशी! तोंड आहे की नाही? नुसती लोण्यासारखी. ओरडायलाही मजा येत नाही.

…बायबलचं वचन-बिचन ऐकवू नकोस हं. मीही संडे स्कूलमध्ये शिकवलंय.

…थांब, टूं टूं वाजतंय. रुपया टाक आधी.

…हं. मला ठाऊक आहे तू का फोन करतेस. मनात अढी ठेवून प्रभूची भाकर घेता येत नाही. म्हणून माझ्या तोंडून "माफ केलं" हवंय. मी प्रभुभोजनाच्या रविवारी घरी बसते, आणि तू मिरवत पहिल्या रांगेतून भाकर घ्यायला उठत असशील.

…काय?… नाही घेतलीस? मागच्या महिन्यात?… त्याआधी?

…सासूबाई गेल्यापासून एकदाही नाही?

…मग सगळे उठतात तेव्हा काय करतेस?… बाकावर बसून राहतेस? एकटी? सगळ्यांदेखत?… पाळकसाहेब विचारत नाहीत?… पोटात दुखतं? दर महिन्याला? खोटं बोलायचीही अक्कल नाही गं तुला!

…मी येत नाही म्हणून तू घेत नाहीस? मूर्ख आहेस. ठार मूर्ख. कधी बोलली नाहीस ते?… मी बोलू दिलं नाही. हं… खरंय.

…आहे, आहे. इथेच आहे.

…परत वाजतंय बघ. टाक रुपया… शेवटचा होता? बरं, ऐक पटकन. माझा राग गेलेला नाही, कळलं? दिनेशवरचा तर नाहीच. पण उद्या माझी जागा धर. तुझ्या शेजारी. आणि पाळकसाहेबांनी बोलावलं की मुकाट्यानं माझ्याबरोबर उठायचं. पोटात दुखतंय म्हणालीस तर बघ…

हॅलो?… सविता?… ऐकलंस ना?