नऊ घरांच्या चाव्या

खोडाळ्याच्या एसटी थांब्यावर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि बारावीतली एक मुलगी बसल्या होत्या. जव्हारची गाडी अजून आली नव्हती.

“इतकं काय वाचतेस गं पोरी?”

“उद्या पेपर आहे, आजी. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात, म्हणजे अख्खं अंग कसं घडवायचं त्याची माहिती.”

“मग डोळ्यात दात का नाही येत?”

“डोळ्याच्या पेशीत दाताची जनुकं बंद असतात. जिथं जी लागतात तेवढीच चालू.”

“आमच्या पाड्यासारखंच झालं. घरं दहा, पण दिवाळी झाली की माझं एकच उघडं. बाकीची माणसं चाव्या माझ्याकडं देऊन वीटभट्टीवर जातात.”

“पण बंद म्हणजे कायमचं नाही, आजी. काही जनुकं बाहेरून निरोप आला की चालू होतात.”

“आमची होळीला येतात.”

“तोवर एवढ्या चाव्यांचं काय करता?”

“रोज एक घर उघडते आणि चूल पेटवते. धूर नाही लागला तर छपराला कीड लागते. काल रुपीच्या घरात पेटवली. धूर बघून खालच्या पाड्यावरचा माघ्या चढून आला. त्याला वाटलं, रुपी आली.”

“मग?”

“मी चुलीपुढंच बसलेली. मला बघून म्हणाला, ‘म्हणजे कोणीच नाही इथं.’ आणि उतरून गेला.”