भट्टीत भाजलेल्या बिया

हसायचं तर खुशाल हसा, पण मी तरवडाच्या बियांचे गोळे कुंभाराच्या भट्टीत भाजले होते. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाच्या दुष्काळातली गोष्ट. थोरला भाऊ वारून महिनाही झाला नव्हता. उघड्या माळावर पिवळी फुलं फुलवायची म्हणून त्यानं पिशवीभर बिया जमवल्या होत्या. "मातीत वळून फेकायच्या, म्हणजे मुंग्या नेत न्हाईत," एवढंच तो मला बोलला होता.

मी एका दिवसात सगळ्या बिया वळल्या. मग वाटलं, कच्ची माती पहिल्याच सरीत विरघळेल. गावचे कुंभार म्हादूमामा जेवायला गेले होते आणि भट्टी रचून तयार होती. मी गोळे आतल्या मडक्यांत भरून टाकले. मामांनी येऊन भट्टी पेटवली.

दोन दिवसांनी भट्टी उघडल्यावर मामा ओरडले, "हे काय हाय रे?"

"दादाचे गोळे. पक्के केले."

"आत काय हाय?"

"बिया."

मामांनी एक गोळा फोडला. हातावर काळी राख पडली. "येड्या, फुटाणे उगवतेत का कधी?"

मला रडू आवरेना. "दादानं वेचलेल्या होत्या, मामा. आता एक बी न्हाई राहिली."

मामांनी हातावरची राख झटकली. मग म्हणाले, "त्यानं कुठून वेचल्या होत्या?"

"ओढ्याकाठच्या झुडपांवरून."

"मग ती झुडपं बी भाजलीस का?"

मी नाक पुसलं आणि तसाच ओढ्याकडं पळालो. मागून मामा ओरडले, "वाळलेल्या शेंगा बघून तोड रे, येड्या!"