बंद नळीतला तपकिरी रंग

समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आदरणीय मोहनराव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, कडा गावचे ग्रामस्थ आणि विद्यार्थी मित्रहो! अकरावी विज्ञानापुरतं 'मित्रहो' जरा जास्तच झालं. तिथं एकटी तेजश्री बसली आहे.

शाल मिळाली, नारळ मिळाला, मी आभारी आहे. हॉलमध्ये लग्न असल्यानं मला निवृत्तीचा निरोप माझ्याच प्रयोगशाळेत मिळतोय, याहून मोठा मान कोणता? त्यासाठी आमच्या सुग्रीवभाऊ शिपायांनी सकाळपासून काचसामान घासलं. त्यात माझी ती तपकिरी वायूची बंद नळीही गेली. मला सांगायला आले, "मॅडम, लई कडक डाग हाय. गरम पाणी टाकलं की आनखीच गडद व्हायलाय! नळीला तोंडच न्हवतं, म्हनून शेंडा फोडून आतून घासली."

हसा, मीही हसले. पण साहेब, इतकी वर्षं मी तेच तर शिकवलं! त्या नळीत दोन वायू, एक तपकिरी, एक बिनरंगी. याचा तो होतो, त्याचा हा होतो, सारख्याच वेगानं. बाहेरून वाटतं सगळं थांबलंय. गरम पाण्यात तपकिरी वाढतो, बर्फात कमी होतो आणि पुन्हा जम बसतो. हाच रासायनिक समतोल. अट एकच, नळी बंद हवी. फोडली की गेलेलं परत कसं येणार?

आपल्या गावाचं तरी वेगळं काय झालं? पोरं शिकवण्यांसाठी लातूरला गेली, मागोमाग शिक्षक गेले. परत कुणी आलं नाही. मघाशी चहा घेताना साहेब म्हणाले, "गौसिया मॅडम, तुमची जागा आता भरायची न्हाई. विज्ञान बंद. पोरंच न्हाईत, आमी काय करावं?" अहो, एक पोरगी आहे की! तिचे वडील सुंदरराव मागे उभे आहेत. ते म्हणतात, "लातूरला पोरीला धाडत न्हाई. आर्टला बसवा." तिला रसायनशास्त्रच शिकायचंय. मी दोघांपुढं पदर पसरला. कुणाचंही मन वळलं नाही.

फुटकी नळी बघून तेजश्रीनं विचारलं, "मॅडम, परत भरता येईल का?" भरता येते, पण भरायला इथं राहणार कोण? निरोपाच्या दिवशी गोड बोलायची रीत आहे. मला जमलं नाही. मी 'नाही' म्हटलं, आणि तिनं उघडलेलं पुस्तक मिटलं.

आपण सगळे वेळ काढून आलात, ऋणी आहे. बोलण्याच्या भरात तोंडून काही वावगं गेलं असेल तर थोर मनानं पोटात घाला. तेजश्री, तू मात्र आम्हाला माफ करू नकोस.