खाड्याची भीती

दवाखान्यातल्या बाकावर, लसीसाठी बाळं घेऊन बसलेल्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

“संध्याकाळी लस मिळते, बरं झालं हो ताई.”

“आधी दहा ते चारच होती. काम सोडून कोण येणार? सरकारला वाटलं, आम्ही सुईला घाबरतो. भिंतभर पोस्टरं लावली!”

“अगं बाई! मग?”

“एक अधिकारी बाई घरी विचारायला आल्या. म्हटलं, मॅडम, सुईला नाही, खाड्याला घाबरतो. त्यांनी हातातले छापील प्रश्न बाजूला ठेवले, अन् पार वरपर्यंत जाऊन वेळच बदलून आणली.”

“भलं होवो त्यांचं.”

“बदली झाली. जाताना मुद्दाम विचारून गेल्या, अजून काय हवं?”

“काय मागितलंत?”

“तू ज्यावर बसलीयस ना, तेच. सरक जरा, त्या आजींनाही टेकू दे.”