धोंडा देऊन घेतलेलं पोर

(रत्नागिरीच्या मांडवी बंदराजवळ गोदूबाईची पडवी. दुपार. चार वर्षांचा धोंडू करवंटीत वाळू भरत बसला आहे. शेजारची कमळा त्याच्यापासून दोन हात लांब बसली आहे. एवढं अंतर राखायची तिला आता सवयच झाली आहे.)

गोदूबाई : पदर कशाला आखडतेस? पूस ना त्याचं नाक.

कमळा : असू दे आक्का. सुकलं की पडतं आपोआप.

गोदूबाई : सुकतंय कधी? गणपतीपासून वाहतंय, आता आंब्यांना कैऱ्या धरल्या. वरचा ओठ बघ कसा सोलवटलाय. जेवताना घासाबरोबर तोंडात जातं, आणि तू खुशाल बघत बसतेस.

कमळा : मी बघत नाय. मी दुसरीकडं तोंड करते.

गोदूबाई : मोठी कामगिरी केलीस.

कमळा : शेंबडं पोर कुणाच्या डोळ्यांत भरत नाय. येणारा-जाणारा तोंड फिरवतो. फिरवू दे. जो न्यायला येतो, त्यानं पण फिरवावं.

गोदूबाई : कोण येतो न्यायला?

कमळा : तुला ठावं हाय. दोनदा येऊन गेला माझ्या घरी.

गोदूबाई : ताप आला गो, म्हणून गेली तुझी दोघं पोरं. त्या साली अर्ध्या वाडीतली पोरं गेली.

कमळा : मालनला मी दोन वेळा न्हाऊ घालायची. काजळ, तीट, केसांत अबोलीची वेणी. आणि हरी? त्याचं नाक कधी ओलं दिसलं नाय कुणाला. आगबोटीची माणसं बंदरावरनं जाताना थांबायची, विचारायची, कुणाचं गो हे पोर? मी मान वर करून सांगायची, माझं. तिथंच चुकले मी.

गोदूबाई : काही चुकली नाहीस. चिमाचा पोरगा आठवतो? त्याचं नाक पुसायला आईला सवडच नव्हती. सारखं गळायचं. तोही गेलाच ना त्याच तापात?

कमळा : मला तसलं काही सांगू नको. कोण का गेलं, मला काय त्याचं? मला हे राहायला हवंय.

गोदूबाई : मंग नीट ऐक. काल मी विहिरीवरनं हाक मारली, धोंडू, खोबरं देते, ये. पाठमोरा होता. वळला नाय.

कमळा : हट्टी हाय तो. बापावर गेलाय.

गोदूबाई : खोबऱ्याला कोण हट्ट करतं? पुढं जाऊन तुकडा दाखवला, तेव्हा कुठं हसला. उजव्या कानातनं पाणी येतंय त्याच्या. वाकळेवर डाग पडतात, ते नाय बघितलेस?

कमळा : बघितले. रोज धुते मी ती वाकळ.

गोदूबाई : धुतेस आणि गप्प बसतेस. मी नेला त्याला आज सकाळी दवाखान्यात.

कमळा : मला न विचारता?

गोदूबाई : तुला कशाला विचारू? पोर कुणाचं?

कमळा : आक्का...

गोदूबाई : सांग की. कुणाचं?

कमळा : तुझं.

गोदूबाई : माझंच. तुला झाला तेव्हा सुईणीनं सुपात घालून दाराबाहेर ठेवला. मी अंगणातला धोंडा उचलला, तुझ्या ओटीत टाकला आणि सूप उचललं. अख्खी वाडी बघत होती. धोंडा देऊन घेतला म्हणून धोंडू. मला आये म्हणतो, तुला काकी. सांभाळायला तेवढा तुझ्याकडं दिलाय.

कमळा : तसाच सांभाळला ना मी? दुसऱ्याचं पोर सांभाळावं तसा. भरवला, निजवला. ह्याच्या गालाला गाल लावला नाय कधी. झोपला की पायाच्या बोटांना हात लावते. मनाशी म्हणते, पायच हायत, पायांना कोण बघतंय? ह्याचे वडील आगबोटीवरनं घरी आले की विचारतात, पोर तुझ्या अंगाशी का येत नाय? मी म्हणते, खेळात असतो. आक्का, खूप वाटतं गो. जीव नुसता तुटतो. पण हात पुढं केला की मालन दिसते.

गोदूबाई : ठावं हाय मला.

कमळा : डॉक्टर काय म्हणाले?

गोदूबाई : नाक असंच तुंबून राहिलं तर कान जाईल म्हणाले. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, शेकायचं. एक दिवस चुकवायचं नाय. आल्या आल्या मी करायला बसले. केवढा आरडला. मुठी आवळल्या, पाय झाडले, माझ्या कपाळावर टोला हाणला. मला पोर धरताच येत नाय, कमळे. मांडीवर कसं घ्यायचं, मान कुठं टेकवायची, हाताला सवयच नाय.

कमळा : मी धरलं आणि न्यायला येणाऱ्यानं बघितलं तर?

गोदूबाई : काय बघेल तो?

कमळा : की हे माझं हाय.

गोदूबाई : मंग तुझं म्हणून धरूच नको. मला दाई पायजे पोराला.

कमळा : दाई?

गोदूबाई : पोराची आये मी. मी कुणालाही कामाला ठेवीन. दाईनं न्हाऊ घातलं, नाक पुसलं, छातीशी धरलं, म्हणून पोर दाईचं होतं का? त्या येणाऱ्याला कुणाच्या घरी जायचं असेल तर माझ्या घरी येईल. मालकीण इथं बसलेय, मला विचारील.

कमळा : आणि तुझ्यावरच काही आलं तर?

गोदूबाई : माझ्याकडं न्यायला काय हाय? पाचवीच्या, बारशाच्या घरी मला कुणी बोलवत नसे. वांझेच्या हातात पोर द्यायला भितात बायका. पोटुशी असताना तू एकटी आलीस, म्हणालीस, आक्का, होईल ते पोर तू घे. त्या दिवशी मी घरात जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. अजून तो आये म्हणून हाक मारतो ना, तर मी पहिल्या हाकेला ओ देत नाय. दुसऱ्यांदा मारील म्हणून थांबते. आता त्याला माझीच हाक ऐकू येत नाय. कळलं, मला दाई का पायजे ते?

कमळा : कळलं.

गोदूबाई : मंग ऊठ. चुलीवर पाणी हाय, मीठ घातलंय. तव्यावर ओव्याची पुरचुंडी हाय, हाताला सोसते का बघून आण. धोंडू, इकडं बघ. माझ्या तोंडाकडं. ही तुझी दाई.

धोंडू : काकी हाय ती.

गोदूबाई : आजपासून दाई. मी सांगते ना.

धोंडू : मला नको पाणी.

कमळा : नको तर नको. आधी नुसता बस माझ्या मांडीवर. करवंटी राहू दे हातात. असा. डोकं इथं टेक, कोपरावर. हे बघ, मी आधी माझ्या हातावर घेतलं पाणी. गरम नाय. आता थेंबभर तुला. थेंबभरच. गेलं की नाय? मान तिरकी कर, येऊ दे बाहेर. केवढं साचलं होतं रे माझ्या बाळा.

गोदूबाई : काय म्हणालीस?

कमळा : दाया म्हणतात बाळा.

गोदूबाई : म्हणतात, म्हणतात. चालू दे तुझं.

कमळा : आक्का, मूठ उघडली ह्यानं. करवंटी पडली बघ.

गोदूबाई : दिसतंय मला. माझ्याशी लढाई करत होता लबाड. ओठाला खोबरेल लाव, आणि हलक्या हातानं लाव.

कमळा : शिंकर. फूं कर फडक्यात. आणखी एकदा. शाबास. आता तोंड मीट आणि नाकानं श्वास घे. घेतलास? आणखी घे.

धोंडू : दाई.

कमळा : काय रे?

धोंडू : वास येतो.

गोदूबाई : ओव्याचा असेल.

धोंडू : नाय. हिला येतो.

कमळा : सुकटीचा येत असेल. सकाळी वाळत घातली मी. लुगडं बदलून येऊ का?

धोंडू : नको. जाऊ नको.

कमळा : बरं, नाय जात. पण कसला येतो ते तरी सांग.

धोंडू : तुझा.