समोरचं बंद घर

समोरच्या बंद घराची तक्रार करायला नर्सबाई नगरपालिकेत रांगेत उभ्या होत्या. पुढे उतारवयातले भाऊ-बहीण दबक्या आवाजात बोलत होते.

"ताई, आता तरी हो म्हण. एवढी तुझी हरकत निघाली की नगरपालिकेवाले ते घर लगेच पाडतील."

"आणि आपला धाकटा भाऊ परत आला म्हणजे? त्याला तेवढंच दार ठाऊक आहे."

"अगं, इतक्या वर्षांत साधा फोन नाही त्याचा. आता कुठला येतोय?"

"तू त्याला चालता हो म्हणालास. मी नव्हते म्हणाले."

"म्हणालो. रोज आठवतं मला ते. पण परवा सज्जा ढासळला, गल्लीतल्या एका पोरीच्या खांद्यावर वीट पडली. डोक्यात पडली असती तर?"

"काय सांगतोस! कशी आहे ती? जाऊन बघून आलास?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"बरी आहे," नर्सबाई मागून म्हणाल्या. "हाड मोडलंय, पण जुळेल. माझीच मुलगी ती."

बहीण वळली. तिने नर्सबाईंना हात जोडले. मग खिडकीशी जाऊन म्हणाली, "साहेब, पाडून टाका ते घर. माझी हरकत नाही."

परत येऊन तिने नर्सबाईंचा हात धरला.

"तुम्ही त्याच गल्लीत राहता ना? कधी कोणी येऊन मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला, तर आमचा पत्ता द्याल त्याला?"

"देईन," नर्सबाई म्हणाल्या. "आधी घरात बोलावून जेवायला वाढीन, मग देईन."