उलटा फ्लोट

— बास, बास! आणखी किका मारू नका! चोक ओढलेला, वर किकांवर किका, खाली पेट्रोल ठिबकतंय — दिसत नाही का? आधी कॉक बंद करा. पेट्रोलचा कॉक हो! तो टाकीखालचा. हां. व्हा बाजूला. हा बघा प्लग, ओलाचिंब. इंजिनाला तहान लागलीय असं वाटून तुम्ही पाजत सुटलात, आणि ते बिचारं बुडून मरतंय. आधी कुणाला दाखवली होती? काय? त्या समोरच्याला? त्याने सर्व्हिसिंग केल्यापासून गळतेय? वा! आंधळ्याला वाट विचारलीत.

भाऊ आहे तो माझा. धाकटा, सख्खा — म्हणून तर सांगते. बाबा गेले तेव्हा म्हणाला, गॅरेज मला दे, तू बाईमाणूस, तुझ्याकडे कोण गाडी आणणार? म्हटलं, चालता हो. तर गेला तो गेला, आणि शटर उघडलं कुठे? रस्त्याच्या पलीकडे! धड लांब जायची अक्कल नाही. तेव्हापासून बोलणं बंद. सकाळी शटर वर करताना थोबाड दिसतं तेवढं पुरे. मला काही फरक पडत नाही. आठवडाभर खोकतोय, इथवर ऐकू येतं, औषध घेत असेल नसेल — मला काय त्याचं? धरा ही कार्बोरेटरची वाटी. सांडू नका, तेवढं तरी जमेल ना? या गॅरेजात 'जमत नाही' हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नाही.

पेट्रोल बाहेर का येतं, माहितीये? कसं असणार म्हणा. घरच्या पाण्याच्या टाकीत तो तरंगता गोळा असतो ना, तसाच यात फ्लोट. वाटी भरली की वर येतो, सुईला ढकलतो, सुई भोक बुजवते. सुई झिजली, कचरा अडकला की भोक उघडं, आणि पेट्रोल वाहतंय धो धो. आता सुई बघू — सुई तर नवीकोरी. भोकही साफ. मग — अगं बाई! फ्लोट उलटा! उलटा बसवलाय! अहो, काल शिकायला आलेलासुद्धा असं करणार नाही, आणि हा म्हणे मेकॅनिक! पाटी लावून बसलाय तिथे —

थांबा जरा.

हे त्याच्या हातून चुकून होणार नाही. बाबा आमचे डोळे बांधून फ्लोट बसवायला लावायचे, आणि हा दरवेळी माझ्या आधी बसवायचा, वर दात काढायचा. मी चिडून अबोला धरला की गुपचूप माझ्या कामातला फ्लोट उलटा करून ठेवायचा. मी गाडी चालू करायला जायचे, पेट्रोल माझ्या पायांवर, मी ओरडायचे, 'गाढवा!' — झालं, अबोला संपला.

तुम्हाला काय म्हणाला तो? नेमकं सांगा, तुमचं घालू नका मध्ये. 'मला जमत नाही, ताईला दाखवा'? ताई म्हणाला? आणि 'मला जमत नाही' — तो म्हणाला? बाबांसमोर मान खाली घातली नाही कधी मेल्याने! आणि त्यासाठी तुमची गाडी पेट्रोलात बुडवली, नालायकाने! सरळ रस्ता ओलांडून यायला काय पाय मोडले होते? आठवण येते हो मला. रोज येते. समोर असून येते. बघताय काय माझ्याकडे? तो पाना द्या.

घ्या, बसवला सरळ. प्लगही पुसलाय. मारा किक, चोक न ओढता. एकच! बघा, लागली की नाही? आता बंद करा. बंद करा म्हणते ना! ढकलत न्या समोर. त्याला म्हणावं, ताईला जमलं नाही. तूच ये आणि दाखव काय ते. हो, अगदी असंच सांगायचं. आणि खबरदार त्याच्यासमोर किक मारलीत तर. चला, निघा. उभे काय राहिलात?